इन्स्टॉलर अडला की काय करायचं? युनिटी, अनरियल आणि गोडो हाताने बसवण्याच्या वाटांची तुलना

गेम बनवायच्या इंजिनाचा इन्स्टॉलर नव्वद टक्क्यांपर्यंत धावतो, ‘व्हॅलिडेशन फेल्ड’ म्हणतो आणि उतरवलेलं सगळं पुसून टाकतो. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदाही तेच. मग शोधाशोध सुरू होते आणि चार जण चार वाटा सांगतात: थेट सेटअप उतरवा, सेव्हन-झिपने उघडा, कुणाच्या तरी मशीनवरून कॉपी करा, नाहीतर सरळ सोर्सवरून, म्हणजे इंजिनाच्या मूळ कोडवरून, बिल्ड करा. चारही वाटांनी इंजिन उघडतं, त्यात खोटं काही नाही. घोडं अडतं ते त्याच्या पुढे.

फाइली डिस्कवर टाकणं हे इन्स्टॉलरचं सगळ्यात सोपं काम. लायसन्स जोडणं, अँड्रॉइडसाठी लागणारी हत्यारं नेमक्या व्हर्जनची आणून ठेवणं, प्रोजेक्टवर डबल-क्लिक केलं की योग्य इंजिन उघडणं, पुढे एखादं मॉड्यूल, म्हणजे जोडभाग, हवं झालं तर ते मिळणं, ही कामं तो गुपचूप उरकत असतो. हाताने बसवलं की त्यातली काही आपल्या गळ्यात पडतात. कोणत्या वाटेने किती पडतात, मी तुलना त्यावरूनच करतो. किती लवकर उघडलं, यावरून नाही.

आधी इन्स्टॉलर का अडला ते बघा

हे टाळून पुढे जाऊ नका, कारण जे इन्स्टॉलरला नडलं तेच पुष्कळदा तुम्हालाही नडतं. नेहमीचा गुन्हेगार म्हणजे सी ड्राइव्ह. इंजिन डी ड्राइव्हवर बसवायचं ठरवलं तरी डाउनलोड आधी सी वरच्या टेम्प फोल्डरमध्ये उतरतं आणि तिथे जागा संपली की सगळं कोसळतं. दुसरा अँटिव्हायरस, जो हजारो छोट्या फाइलींतली एखादी उचलून क्वारंटाइनमध्ये टाकतो. तिसरा ऑफिसचा किंवा कॉलेजचा प्रॉक्सी. चौथा जरा लपलेला असतो: विंडोजच्या युजरचं नाव देवनागरीत असेल किंवा त्यात स्पेस असेल, तर अँड्रॉइडच्या हत्यारांतली एनडीके त्या पाथवर रुसू शकते.

युनिटीचा इन्स्टॉलर म्हणजे युनिटी हब, आणि त्याच्या बाबतीत अंदाज बांधत बसायची गरज नाही. ॲपडेटाच्या रोमिंग फोल्डरात युनिटीहब, त्यात लॉग्स, आणि त्यात इन्फो-लॉग नावाची जेसन फाइल असते. ती नोटपॅडमध्ये उघडून शेवटच्या ओळी वाचा. हब इलेक्ट्रॉन या ॲप बनवायच्या साच्यावर चालतो, त्यामुळे चुकांचे कोड त्यातल्या नोड या जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीचे असतात. ई-एन-ओ-एस-पी-सी दिसलं तर जागा संपली. ई-पी-ई-आर-एम म्हणजे परवानगी नाकारली, आणि यात अँटिव्हायरसचा हात असू शकतो. ई-सी-ओ-एन-एन-आर-ई-एस-ई-टी म्हणजे कनेक्शन तुटलं. यातल्या फक्त तिसऱ्यावर हाताने बसवणं हा खरा उपाय आहे. पहिल्या दोघांवर नाही. जागा मोकळी करा, फोल्डर अँटिव्हायरसच्या अपवादात टाका आणि इन्स्टॉलर पुन्हा चालवा. काम तिथेच झालं तर बाकीचं वाचायची गरजच नाही.

युनिटी: तीन वाटा, तिघींचा हिशेब वेगळा

पहिली वाट थेट सेटअपची. युनिटीच्या डाउनलोड अर्काइव्हमध्ये प्रत्येक व्हर्जनसाठी एडिटरचा आणि अँड्रॉइड, आयओएस, वेबजीएल वगैरे सपोर्टचा सेटअप सुटा मिळतो. मोठा फायदा हा की ब्राउझर किंवा डाउनलोड मॅनेजर तुटलेलं डाउनलोड जिथल्या तिथून पुढे नेऊ शकतो. एडिटर बसला की हबमध्ये ‘लोकेट’ म्हणून त्याची एक्झी दाखवायची.

आता गळ्यात काय पडतं ते. सपोर्टचा सेटअप एडिटरच्याच व्हर्जनचा हवा, अगदी शेवटच्या अक्षर-आकड्यापर्यंत. शिवाय तो बसवताना एडिटर जिथे आहे तोच फोल्डर निवडावा लागतो. ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत गेलात तर तो आपल्या ठरावीक जागी जाऊन बसतो आणि एडिटरला त्याचा पत्ताही लागत नाही. लोकेट करून आणलेल्या एडिटरला हब ‘ॲड मॉड्यूल्स’ देत नाही, म्हणजे पुढचं प्रत्येक मॉड्यूलही असंच हाताने. आणि अँड्रॉइड सपोर्टच्या सुट्या सेटअपमध्ये एसडीके, एनडीके, जेडीके या बिल्डला लागणाऱ्या हत्यारांपैकी काहीच येत नाही. ती वेगळी आणून प्रेफरन्सेसमधल्या ‘एक्स्टर्नल टूल्स’मध्ये त्यांचे पाथ द्यायचे. इथे ‘नवीन ते चांगलं’ हा नियम चालत नाही. युनिटी २०२१.३ ला एनडीके आर २१डी आणि जेडीके ८ लागते, २०२२.३ ला आर २३बी आणि जेडीके ११. ताजी एनडीके आणून जोडली की युनिटी व्हर्जन जुळत नाही म्हणून तक्रार करते, आणि इन्स्टॉलरच्या आगीतून आपण बिल्ड-एररच्या फुफाट्यात.

दुसरी वाट सेव्हन-झिपची. विंडोजचे हे सेटअप एनएसआयएस या सेटअप बनवायच्या हत्याराने बांधलेले असतात, त्यामुळे सेव्हन-झिप त्यांना साध्या झिपसारखं उघडतो. ॲडमिन पासवर्ड लागत नाही, म्हणून ही वाट लॅबमधल्या मशीनवर लोकप्रिय आहे. सुट्या मॉड्यूलचा सेटअप असा उघडला की आत डॉलर-इन्स्टडिर नावाचा, मागे आकडे लागलेला फोल्डर निघतो. त्यातला मजकूर एडिटरच्या डेटा फोल्डरातल्या प्लेबॅक-इंजिन्समध्ये, त्या-त्या प्लॅटफॉर्मच्या नावाखाली आपणच नेऊन ठेवायचा. व्हिज्युअल सी++ रनटाइम, फाइल असोसिएशन, फायरवॉलची परवानगी यातलं काहीही आपोआप होत नाही. मोकळेपणाने सांगतो, ॲडमिन मिळत असेल तर या वाटेला जाऊ नका. आणि लॅबच्या वीस मशीनवर बसवायचं असेल तर त्याच सेटअपची सायलेंट, म्हणजे काही न विचारता कमांडने बसवायची, सोय बरी. तिचा एकच लहरीपणा: कुठे बसवायचं तो पाथ कमांडमध्ये सगळ्यात शेवटी लिहायचा, आणि त्यात स्पेस असली तरी अवतरणचिन्हं द्यायची नाहीत.

तिसरी वाट कॉपीची, आणि माझं मत तिच्याच बाजूने. कुणाकडे तेच व्हर्जन, त्याच ऑपरेटिंग सिस्टमवर, हबमधून नीट बसलेलं असेल, तर हबच्या एडिटर फोल्डरातला तो व्हर्जनच्या नावाचा अख्खा फोल्डर पोर्टेबल ड्राइव्हवर उचलून आणा आणि आपल्या हबच्या इन्स्टॉल जागेत त्याच नावाने ठेवा. त्या फोल्डरात मॉड्यूल्स नावाची जेसन फाइल असते. कोणतं मॉड्यूल बसलंय आणि कोणतं बसवता येईल हे हब तिच्यावरूनच ठरवतो. थेट सेटअपने बसवलेल्या एडिटरकडे नेमकी तीच फाइल नसते. कॉपीसोबत ती येते, आणि मित्राने अँड्रॉइडची एसडीके-एनडीके हबमधूनच घेतली असेल तर तीही त्याच फोल्डरात असते. म्हणजे सर्वांत कमी कष्ट आणि पुढची सर्वांत कमी कटकट, दोन्ही एकाच जागी.

लायसन्सचं मात्र तिन्ही वाटांना सारखंच. पर्सनल लायसन्स फाइल पाठवून हाताने चालू करायची जुनी सोय आता फक्त पैसे भरणाऱ्यांसाठी उरली आहे. पर्सनलवाल्यांना हबमध्ये साइन-इन करावंच लागतं. त्यामुळे हब डाउनलोड करत नसेल तर चालेल, पण उघडतच नसेल तर आधी तो दुरुस्त करा. एडिटर कितीही हाताने बसवला तरी प्रोजेक्ट उघडणार नाही.

अनरियल: सोर्सचा मोह आवरा

अनरियलला ॲक्टिव्हेशनची भानगड नाही. फोल्डर आला, एडिटरची एक्झी चालवली की उघडतो, साइन-इनही मागत नाही. म्हणूनच इथे कॉपीची वाट युनिटीपेक्षाही सरळ आहे. चालत्या मशीनवरून यूई-५ ने सुरू होणारा फोल्डर आणा, आत एक्स्ट्राज, मग रिडिस्ट या फोल्डरातला प्रीरेक सेटअप (इंजिनाला आधी लागणाऱ्या गोष्टी बसवणारा) एकदा चालवा आणि मग बायनरीज, विन६४ मधून एडिटर उघडा. एपिक या अनरियलच्या कंपनीचा लाँचर, म्हणजे इथला इन्स्टॉलर, त्याला ही कॉपी दिसत नाही. दिसायला हवी असेल तर एक माहितीतली युक्ती आहे: लाँचरमध्ये तेच व्हर्जन त्याच जागी बसवायला लावा, थोडं उतरलं की थांबवा, कॉपी केलेल्या फाइली त्या फोल्डरात टाका आणि पुन्हा सुरू करा. लाँचर असलेल्या फाइली तपासतो आणि नसलेल्या तेवढ्या आणतो.

सोर्सवरून बिल्ड करणं हा, नुसत्या इन्स्टॉलच्या अडचणीवर, निव्वळ द्राविडी प्राणायाम आहे. आधी एपिकचं खातं गिटहबच्या खात्याला जोडायचं आणि आलेलं आमंत्रण स्वीकारायचं. तोवर तिथल्या रिपॉझिटरीच्या (कोडच्या साठ्याच्या) लिंकवर ४०४ च दिसतं, आणि लिंक मेली समजून कितीतरी जण इथूनच परत फिरतात. मग सेटअपची बॅच फाइल आणखी कित्येक जीबी ओढते. ज्याचं लाँचरचं डाउनलोडच टिकत नव्हतं, त्याने हे टिकेल अशी आशा का धरावी? त्यानंतर प्रोजेक्ट फाइली तयार करून व्हिज्युअल स्टुडिओ या कोड लिहायच्या ॲपमध्ये बिल्ड. साध्या मशीनवर यात तासामागून तास जातात आणि डिस्कवर शंभर जीबीच्या पुढे जागा जाते.

इथवरही सोसता येईल, पण टीममध्ये खरा त्रास नंतर सुरू होतो. लाँचरच्या इंजिनावरचा प्रोजेक्ट आपल्या फाइलीत साधं व्हर्जन लिहून ठेवतो. सोर्स-बिल्डवर तो तिथे त्या मशीनपुरता लांबलचक ओळख-क्रमांक लिहितो. ती फाइल टीमच्या सामायिक कोडमध्ये कमिट झाली की बाकीच्यांकडे डबल-क्लिक केल्यावर इंजिन निवडा म्हणून खिडकी येते. विकत घेतलेली कोड-प्लगिनं लाँचरच्या व्हर्जनसाठी बांधलेली असतात, तीही नव्याने बिल्ड करावी लागतात. इंजिनाच्या आतला सी++ कोड बदलायचा असेल तर हे सगळं रास्त आहे, एरवी नाही. लिनक्सवर मात्र एपिक तयार झिप देतं, लाँचरचा प्रश्नच नाही. एकदा तरी लिनक्सवाल्यांची वाट सोपी निघाली म्हणायची.

गोडो: इन्स्टॉलरच नाही, मग अडणार काय?

शंभर एमबीच्या आतली झिप, आत तयार एक्झी, लायसन्स एमआयटी, म्हणजे मोफत वापराचं. उघडा आणि कामाला लागा. शेजारी अंडरस्कोर-एससी-अंडरस्कोर नावाची रिकामी फाइल ठेवली तर सेटिंग्जही त्याच फोल्डरात राहतात, आणि पूर्ण इंजिन पेनड्राइव्हवरून फिरवता येतं. अडतं ते गेम एक्स्पोर्ट करताना. एक्स्पोर्ट टेम्प्लेट वेगळी उतरवावी लागतात, ती इंजिनाच्या कित्येक पट मोठी असतात आणि एडिटरमधलं त्यांचं डाउनलोडही तुटू शकतं. तेव्हा टीपीझेड फाइल ब्राउझरने आणा आणि टेम्प्लेट मॅनेजरमधून ‘इन्स्टॉल फ्रॉम फाइल’ करा. व्हर्जन तंतोतंत जुळायला हवं, ४.२ ची टेम्प्लेट ४.२.१ ला चालत नाहीत. फाइल अर्धवट उतरली असेल अशी शंका आली तर रिलीजसोबत प्रत्येक फाइलच्या एसएचए-५१२ आकड्यांची (पडताळणीच्या खुणांची) यादी असते. विंडोजच्या सर्टयुटिलने आपल्या फाइलचा आकडा काढून ताडून पाहा. सी-शार्प हवं असेल तर डॉटनेटवाली वेगळी झिप आणि डॉटनेट एसडीके घ्या.

फक्त इन्स्टॉल होत नाही म्हणून युनिटी सोडून गोडोकडे जाऊ नका. पण अजून काहीच सुरू केलेलं नसेल, नेट बेभरवशाचं असेल आणि गेम टू-डी असेल, तर मी दोनदा विचार न करता गोडो सांगेन. तयार युनिटी प्रोजेक्ट हातात असेल तर कॉपी. कॉपीला कुणी नसेल तर थेट सेटअप, पण अँड्रॉइडचं बिल्ड लागणार असेल तर एनडीके-जेडीकेसाठी अख्खी संध्याकाळ वेगळी काढा. अनरियलला कॉपी, आणि तीही मिळत नसेल तर चांगलं नेट असलेल्या जागी लॅपटॉप नेऊन लाँचरलाच काम करू देणं हे सोर्स-बिल्डपेक्षा स्वस्त पडतं.

युनिटी आणि अनरियल दोघांसोबत पुष्कळदा लागणारा व्हिज्युअल स्टुडिओ अडला असेल, तर तिथे हाताने खटपट करायची वेळच येत नाही. मायक्रोसॉफ्टची ‘लेआउट’ नावाची सोय आहे: नेट असलेल्या मशीनवर छोटा सेटअप लेआउटच्या पर्यायाने चालवायचा, हवे ते वर्कलोड (घटकांचे गट) आणि एकच भाषा सांगायची, म्हणजे तेवढ्याच फाइली एका फोल्डरात जमा होतात. डाउनलोड मध्येच तुटलं तर तीच कमांड पुन्हा द्या, राहिलेलं तेवढं येतं. तो फोल्डर नेट नसलेल्या मशीनवर नेल्यावर आधी त्यातल्या सर्टिफिकेट्स फोल्डरमधली प्रमाणपत्रं बसवा. ती राहिली तर सगळ्या फाइली समोर असूनही सेटअप सही पडताळता येत नाही म्हणून थांबू शकतो.