‘गाठी विरघळवणारी’ पावडर

पीसीओएस (हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होण्याचा आणि बीज वेळेवर तयार न होण्याचा त्रास) आहे आणि मूल हवंय, अशा बायकांना हेरून ‘आहारातून हमखास गुण’ विकणाऱ्यांनी सोलापुरात मला फसवलं. तक्रार चालू आहे, म्हणून नाव लिहीत नाही. त्यांची पद्धत मात्र सांगते, कारण उद्या दुसरं कुणी हेच बोलेल.

शिबिर मोफत होतं. पडद्यावर दोन सोनोग्राफी दाखवल्या. एकीत अंडाशयात काळे ठिपके, दुसरीत काहीच नाही. “ताई, या गाठी आमच्या पावडरीनं विरघळतात.” माझ्या शेजारी बसलेल्या एका सासूबाईंनी सुनेचा हात धरला, तिथल्या तिथे पैसे भरले. ते ठिपके गाठी नसतातच. वाढ अर्धवट थांबलेल्या स्त्रीबीजाच्या त्या बारीक पिशव्या असतात. हे नंतर स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमनी सोनोग्राफीवर बोट ठेवून समजावलं.

कोर्सचे 18,000 रुपये. दोन वेळा पावडर, एक वेळ उकडलेल्या भाज्या. भाकरी बंद, डाळ बंद, शेंगाचटणीसुद्धा बंद. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, “डॉक्टरांच्या गोळ्या चालू असतील तर आमचा गुण येणार नाही.” डॉक्टरांनी पीसीओएससाठी दिलेली माझी मेटफॉर्मिनची गोळी त्यांनी अशी थांबवली.

पहिल्याच महिन्यात पाळी आली. त्यांनी लगेच माझा मेसेज दुसऱ्या बायकांना दाखवायला घेतला. पीसीओएसमध्ये पाळी मधेच आपोआप येऊ शकते, आणि ती आली म्हणजे बीज बाहेर पडलंच असं नसतं. त्यानंतर पाळी पुन्हा लांबली, तर म्हणाले, “शरीर शुद्ध होतंय, दुसरा कोर्स घ्या.” तीन महिन्यांहून जास्त पाळी आली नाही तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं, गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं. माझ्या नवऱ्याची तपासणी झालीय का, हे तर त्यांनी एकदाही विचारलं नाही. मूल न होण्यात पुरुषाकडची कारणंही तितकीच असू शकतात.

पाकीट मॅडमना दाखवलं. पांढरं स्टिकर, घटकांच्या जागी नुसतं ‘नैसर्गिक वनस्पती’. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर असतो तो 14 अंकी परवाना क्रमांक कुठेच नाही. पावतीवर तर ‘आहार सल्ला’ एवढंच लिहिलेलं, पावडरीचा उल्लेखच नाही.

आहाराचा उपयोग होत नाही, असं माझं म्हणणं नाही. वजन जास्त असेल तर ते 5 ते 10 टक्के उतरलं तरी अनेकींची पाळी सुधारते. पण त्यासाठी ठरावीक एकच आहार लागत नाही. मॅडमनी मला ज्वारीची भाकरी, हुलग्याचं पिठलं, मटकी, ताक हेच खायला सांगितलं. साखर आणि बेकरीचं कमी, रोज चालणं. बीज तयार होण्यासाठी लेट्रोझोलसारखी गोळी लागते तेव्हा ती डॉक्टरच तपासण्या करून देतात.

वंध्यत्व किंवा पाळीच्या तक्रारी बऱ्या करतो म्हणून औषधाची जाहिरात करायला 1954 च्या कायद्यानं बंदी आहे. तुमच्याकडे असं पाकीट असेल तर ते फेकू नका. पावती, मेसेज, पैसे भरल्याचा पुरावा जपून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार द्या. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. आणि त्यांनी बंद करायला लावलेल्या गोळ्यांबद्दल आधी आपल्या डॉक्टरांना विचारा, उद्याच.