वागळे इस्टेटच्या छापखान्यात छापलेलं माझं मुलांचं पुस्तक

मी ऐरोलीत राहते, पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवते. ठाणे खाडीत येणाऱ्या रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांवर मी एक चित्रपुस्तक लिहिलं. चित्रं माझ्या भाचीनं काढली आणि पुस्तक आम्ही स्वतःच प्रकाशित केलं. 500 प्रती ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधल्या एका छापखान्यात छापून घेतल्या. शाळेतल्या दोघीतिघींनी चौकशी केली, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

त्याआधी घरबसल्या फाइल पाठवून दुसऱ्या एका ठिकाणाहून 20 प्रती मागवल्या होत्या. खोकं उघडलं आणि रडूच कोसळलं. पहिल्याच पानावर 'रोहित'चा 'रोहति' झाला होता. पहिली वेलांटी 'ह'ला सोडून 'त'ला जाऊन चिकटलेली. 'किनाऱ्यावर' हा शब्द पुस्तकात अकरा वेळा येतो आणि अकराही ठिकाणी त्याची वेलांटी सरकली होती आणि जोडाक्षर तुटलं होतं. एका पानावर तर चोचीचं टोकच कापलं गेलं होतं. नुकतं वाचायला लागलेलं मूल छापलेलं अक्षर खरं मानतं. त्या प्रती मी वर्गात नेल्याच नाहीत.

वागळेतल्या छापखान्याच्या मालकांना सगळे काका म्हणतात. त्यांनी माझी फाइल उघडली आणि आधी चक्क वाचून काढली. म्हणाले, "ताई, तुमचं टायपिंग बरोबर आहे, सेटिंग चुकलंय." इनडिझाइनमध्ये (पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये) 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' हे सेटिंग निवडलेलं नसलं की वेलांट्या आणि जोडाक्षरं अशी विस्कटतात. त्यांनी ते लावलं आणि मला शेजारी बसवून तीसच्या तीस पानं तपासली. मग फॉन्टवर बोट ठेवलं. त्यातले ल आणि श हिंदी वळणाचे होते. "तुमची मुलं पाकळीचा ल आणि देठाचा श गिरवतात ना? मग पुस्तकात वेगळा कशाला?" फॉन्ट बदलला. याचे त्यांनी वेगळे पैसे लावले नाहीत.

खरी कसोटी होती गुलाबी रंगाची. चित्रं आयपॅडवर काढलेली. पडद्यावरचा गुलाबी उजेडाचा असतो, कागदावरचा शाईचा. आरजीबीची (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या उजेडाची) फाइल जशीच्या तशी सीएमवायकेत (सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा या छपाईच्या चार शायांत) बदलली, तर पहिल्या प्रूफवर, म्हणजे नमुना छपाईवर, आमचे रोहित मळकट, जांभळट दिसायला लागले. भाचीचा चेहरा पडला. काकांनी प्रूफवर भिंगाची काच ठेवली आणि आम्हाला वाकून बघायला लावलं. गुलाबी ठिपक्यांच्या मध्ये बारीक निळे ठिपके होते, कुठे कुठे काळेही. "गुलाबीतला निळा काढा," ते म्हणाले. पंखांच्या रंगातला सायन (निळा) आणि काळा शून्यावर आणला, मॅजेंटा (गुलाबी) तसाच ठेवला, पिवळा अगदी चिमूटभर वाढवला. दुसऱ्या प्रूफमध्ये तीच काच ठेवली तर निळ्या ठिपक्यांच्या जागी पांढरा कागद दिसत होता आणि पंख उजळले होते. पडद्यासारखा झगझगीत रंग चार शायांत येत नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं. हवाच असेल तर पाचवी, खास गुलाबी शाई घेता येते, पण तिची प्लेट (शाई कागदावर उतरवणारा छपाईचा पत्रा) वेगळी आणि खर्चही वेगळा. आम्ही ती घेतली नाही. ऐरोलीच्या खाडीवर जानेवारीत सकाळी जो रंग दिसतो, तो आमच्या पानावर आहे.

छपाईच्या दिवशी त्यांनी आम्हाला मशीनपाशी उभं राहू दिलं. मजकूर फक्त काळ्या प्लेटवर घेतला होता. चार रंग एकत्र करून काळा केला आणि एखादी प्लेट केसभर जरी सरकली, तर बारीक अक्षरांना रंगीत कड येते. चित्रं कापायच्या रेषेबाहेर 3 मिमी वाढवून घेतली, त्यामुळे या वेळी सगळ्या चोची शाबूत आहेत.

आमची पानं खरं तर 30 होती. काका म्हणाले, एका मोठ्या कागदावर 16 पानं एकत्र छापतात, त्याला फॉर्म म्हणतात; असे दोन फॉर्म, म्हणजे कागद 32 पानांचाच लागणार. वाढलेल्या दोन पानांपैकी एकावर खाडीची माहिती दिली: 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य, 2022 साली रामसर दर्जा (महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारा आंतरराष्ट्रीय दर्जा). दुसरं मुलांना चित्र काढायला कोरं ठेवलं. हे कोरं पान माझं फार लाडकं आहे.

साडेआठ इंची चौकोनी आकार, आत 130 जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) मॅट आर्ट पेपर, 300 जीएसएमचं कव्हर, सेंटर पिन म्हणजे मधल्या घडीवर मारलेली पिन. प्रत 62 रुपयांना पडली. फक्त 50-100 प्रती हव्या असतील तर ऑफसेटच्या (प्लेट काढून छापायच्या) भानगडीत पडू नका, डिजिटलच परवडतं.

तक्रारीही आहेत. बाइंडिंगला नऊ दिवस उशीर झाला आणि शाळेतला प्रकाशनाचा कार्यक्रम पुढे ढकलावा लागला. मुलांना तारीख सांगून बसले होते, त्यामुळे हे मनाला लागलं. सकाळी अकराच्या आत फोन उचलत नाहीत. 14 प्रतींत पिन घडीवर बसली नव्हती. त्या त्यांनी कुरकुर न करता बदलून दिल्या, पण गठ्ठे सोडून एकेक प्रत बघितली म्हणून कळलं. तुम्हीही बघा.

आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) ते काढून देत नाहीत. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडे स्वतः ऑनलाइन अर्ज करायचा. नंबर मोफत मिळतो, कोणी पैसे मागितले तर देऊ नका. कव्हरची प्लेट निघायच्या आत तो हातात असायला हवा, मागच्या बाजूला बारकोड येतो.

गेल्या आठवड्यात आणखी 500 प्रतींची ऑर्डर तिथेच दिली. या वेळी डिलिव्हरीची तारीख पावतीवर लिहून घेतली आहे.