‘आवाज शंभर टक्के जुळतो’ असा अहवाल विकणाऱ्यांपासून सावध राहा

तासगावच्या एका व्यापाऱ्याकडे माझ्या बेदाण्याचे 3,12,000 रुपये अडकले आहेत. दर त्याने फोनवर कबूल केला होता आणि तो कॉल माझ्याकडे ध्वनिमुद्रित आहे. पैसे मागताच ‘तो आवाज माझा नव्हेच’ म्हणून त्याने हात वर केले. अशा अडलेल्यांवर टपलेल्या सांगलीतील एका स्वयंघोषित ‘व्हॉइस फॉरेन्सिक तज्ज्ञा’ने मग माझ्याकडून नोंदणीचे 5,000, विश्लेषणाचे 28,500 आणि ‘कोर्टात चालणाऱ्या’ प्रमाणपत्राचे 14,000, असे 47,500 रुपये उकळले.

वकिलांनी तो रंगीत अहवाल चाळून बाजूला ठेवला. तुलनेसाठी घेतलेला व्यापाऱ्याचा आवाज त्याच्याच दुकानाच्या जाहिरातीतून उचललेला होता, तोही मागे सनई वाजत असलेला. खऱ्या तपासणीत संशयिताकडून तीच वाक्ये पुन्हा वदवून घेतात, उच्चार, लकबी, थांबण्याच्या जागा कानाने पारखतात आणि मग स्वरांचे आलेख ताडून पाहतात. साध्या फोनवर आवाजाचा साधारण 300 ते 3400 हर्ट्झ (सेकंदाला होणारी कंपने) एवढाच पट्टा पोहोचतो, बाकीचा गळतो, म्हणून प्रामाणिक तपासनीस ‘शंभर टक्के’ लिहीतच नाही. आवाजाचा ठसा बोटाच्या ठशासारखा असतो, हा 1962 मधला अमेरिकी दावा तिथल्याच विज्ञान अकादमीच्या समितीने 1979 मध्ये संशयास्पद ठरवला. आमच्याकडे तो अजून रोख पैशांत विकला जातो.

आठव्या पानावरचा आलेख आठवला की आजही अंगाचा तिळपापड होतो. त्याखाली ‘हॅलो’ असे छापले होते. हा व्यापारी फोन उचलतो तो ‘हां, बोला’ म्हणून. माझ्या ध्वनिमुद्रणात ‘हॅलो’ एकदाही नाही. म्हणजे चित्र भलत्याच कुणाचे होते. मी तिथल्या तिथे विचारले, तर ‘मशीन शब्द ऐकत नाही, कंपने मोजते’ असे उत्तर मिळाले. हर्ट्झ आणि डेसिबल तोंडावर फेकणाऱ्याला द्राक्ष बागायतदाराने कशाच्या आधारावर खोटे पाडायचे?

मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरून पुढे पाठवलेल्या प्रतीवर भिस्त ठेवू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 नुसार द्यायच्या प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदलली की बदलणारा तिचा ओळख-संकेत, लागते. माझ्या 14,000 च्या कागदावर ती जागा कोरी आहे.

पोलीस ठाण्यात सांगितले, ‘पैसे तुम्ही राजीखुशीने दिले, अहवालही मिळाला, मग फसवणूक कसली?’ तिथून सायबर पोलिसांकडे पाठवले. त्यांनी ओटीपी गेला नाही म्हणून ग्राहक आयोगाकडे बोट दाखवले. आणि व्यापाऱ्याच्या आवाजाचा नमुना घ्या म्हटले, तर मूळ व्यवहारच दिवाणी आहे म्हणून तो विषयही मिटवला. तपासासाठी आवाजाचा नमुना देण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्येच सांगितले आहे आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम 349 मध्येही ते आले आहे. पण गुन्हाच नोंदवायचा नाही म्हटल्यावर तपास कसला आणि नमुना कसला! खासगी माणसाला असा नमुना कोणाकडूनही सक्तीने घेता येत नाही, तेव्हा ‘नमुन्याचे मी बघतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

त्या तज्ज्ञाची जाहिरात मात्र अजून सुरू आहे. दर आता ‘सवलतीत’ 39,000 झाला आहे.