डे थ्री की डे फाइव्ह? भ्रूण गर्भाशयात कोणत्या दिवशी सोडायचा

आयव्हीएफमध्ये, म्हणजे शरीराबाहेर लॅबमध्ये फलन घडवण्याच्या उपचारात, स्त्रीबीजं काढली तो दिवस शून्य धरतात. शुक्राणूशी गाठ पडल्यावर १६ ते १८ तासांनी बीजात दोन केंद्रकं दिसली, एक आईचं, एक वडिलांचं, की फलन नीट झालं म्हणायचं. तीन दिसली तर तो भ्रूण बाजूला ठेवतात. दुसऱ्या दिवशी साधारण चार पेशी, तिसऱ्या दिवशी सात-आठ. पेशी वाढल्या तरी भ्रूण मोठा होत नाही. भाकरीचे आठ तुकडे केले तरी भाकरी तेवढीच. चौथ्या दिवशी पेशी एकमेकींना इतक्या बिलगतात की मोजता येत नाहीत. पाचव्या दिवशी आत पाणी भरून पोकळी होते. एका कडेला पेशींचा घट्ट पुंजका, त्यातून बाळ. भोवतीचा पातळ थर, त्यातून वार (प्लासेंटा). हा झाला ब्लास्टोसिस्ट, लॅबच्या भाषेत ब्लास्ट.

खरा फरक तिसऱ्या आणि पाचव्या दिवसाच्या मध्ये आहे. चार ते आठ पेशी होईपर्यंत भ्रूण मुख्यतः बीजात साठवलेल्या शिध्यावर चालतो. त्याची स्वतःची जनुकं त्याच सुमारास कामाला लागतात. म्हणून तिसऱ्या दिवशी आठ सारख्या पेशी, पेशींतून तुटून पडलेले तुकडे १० टक्क्यांहून कमी, असा देखणा भ्रूणही चौथ्या दिवशी थबकू शकतो. शुक्राणूकडून आलेला दोषही बहुधा इथून पुढे उघड होतो. फलन झालेल्यांपैकी साधारण निम्मेच ब्लास्टपर्यंत पोचतात. वय वाढलं की त्याहून कमी.

थोडक्यात, पाचवा दिवस ही चाळणी आहे, खत नव्हे. दोन दिवस जास्त ठेवल्याने कुठलाही भ्रूण सुधारत नाही. ब्लास्ट सोडल्यावर गर्भधारणेची टक्केवारी जास्त दिसते, ती गाळून उरलेल्यांची असते. एका पिकअपमधून (बीजं काढण्याच्या एका खेपेतून) मिळालेले सगळे भ्रूण, ताजे आणि गोठवलेले, हिशेबात धरले तर शेवटी किती जोडप्यांना मूल झालं यात ठळक फरक सिद्ध झालेला नाही. आणि १९७८ साली इंग्लंडमध्ये जन्मलेली पहिली टेस्ट ट्यूब बेबी आठ पेशींच्या भ्रूणातूनच आली होती.

म्हणून आमचा कल असा: तिसऱ्या दिवशी चांगले भ्रूण चार किंवा जास्त असतील तर थांबा. सगळे सारखेच दिसत असताना कोणता आधी सोडायचा, हे पाचवा दिवस सांगतो. एक-दोनच असतील तर निवडायला काही उरत नाही. तिसऱ्या दिवशी सोडलेलं बरं. थांबलात आणि एकही ब्लास्ट झाला नाही, तर ट्रान्सफरच, म्हणजे भ्रूण सोडणंच, रद्द होतं. तो भ्रूण गर्भाशयात टिकला असता का, हे कुणीच सांगू शकत नाही.

लॅब कशी आहे यावरही बरंच ठरतं. ब्लास्टपर्यंत वाढवायला इन्क्युबेटरमध्ये ३७ अंश तापमान, ५ ते ७ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन ५ टक्क्यांवर आणलेला लागतो. बाहेरच्या हवेत तो २१ टक्के असतो आणि भ्रूणाला तो जड जातो. दार वारंवार उघडलं की भ्रूण ज्या द्रवात वाढतो त्या माध्यमाचं तापमान आणि आम्लता ढळते. तेव्हा विचारा: ऑक्सिजन कमी ठेवता का? फलन झालेल्या दहांपैकी तुमच्याकडे किती ब्लास्ट होतात? दुसऱ्याचं उत्तर आकड्यात मिळालं नाही, तर तिसरा दिवसच सुरक्षित.

भ्रूणाची जनुकीय तपासणी करायची असेल तर प्रश्नच मिटतो, पाचवा दिवसच. ब्लास्टच्या बाहेरच्या थरातून ५ ते १० पेशी काढता येतात, पुंजक्याला हात न लावता; तिसऱ्या दिवशी आठांतली एक काढावी लागते, ती भ्रूणाला महाग पडते. (अहवालात मुलगा की मुलगी हे कळत नाही, १९९४ च्या कायद्याने ते बंद आहे.)

ब्लास्टची एक उणी बाजू: एकच सोडला तरी तो दुभंगून एकसारखी जुळी होण्याचं प्रमाण थोडं वाढतं. दोन ब्लास्ट एकदम सोडण्याचा आग्रह त्यामुळे धरू नये.

अहवालात ‘४ एए’ लिहिलं असेल तर ४ म्हणजे पोकळी किती फुगली, पहिला ए पुंजक्याचा दर्जा, दुसरा बाहेरच्या थराचा. ‘४ बीबी’ वाचून रडू नका, तोही सोडण्याजोगा असतो. सहाव्या दिवशी झालेला ब्लास्टही टाकाऊ नाही, बहुधा गोठवून ठेवतात. गोठवलेला भ्रूण सोडताना प्रोजेस्टेरॉन (गर्भाशयाचं अस्तर तयार करणारं संप्रेरक) भ्रूणाच्या वयाइतके दिवस आधी सुरू होतं: डे थ्रीला तीन, ब्लास्टला पाच. ही तारीख चुकली तर चांगला भ्रूणही रुजत नाही, म्हणून पहिल्या डोसची वेळ लिहून ठेवा.