जँगोसोबत चौदा महिने, आणि सेटिंग्जमधली एक ओळ

जँगो या फ्रेमवर्कवर (वेबसाइट बांधायचा पायथनमधला तयार सांगाडा) चालणाऱ्या आमच्या सॉफ्टवेअरच्या पाचव्या महिन्यात एका सभासदाचा मेसेज आला: "लिंक उघडली, लॉगिन मागितलंच नाही, आणि यात सगळ्यांची थकबाकी दिसतेय." सोबत स्क्रीनशॉट होता. नावं, रकमा, फोन नंबर, सगळं उघडं. पाच मिनिटांत आम्ही ते पान बंद केलं, पण त्याआधी एकोणीस दिवस ते तसंच होतं. थकबाकीच्या रिपोर्टच्या व्ह्यूवर (ते पान तयार करणाऱ्या कोडवर) लॉगिन-रिक्वायर्ड हा डेकोरेटर, म्हणजे 'लॉगिनशिवाय आत सोडू नका' अशी खूण, लावायचा राहिला होता. एकशे बेचाळीस व्ह्यूंपैकी एकावर. चूक आमची, त्यात वाद नाही. पण त्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. कुलूप घालायची आठवण ठेवणं माझ्याकडे का? कुलूप कुठे काढायचं एवढंच मला सांगावं लागलं असतं, तर त्या सभासदांची माहिती बाहेर गेली नसती.

आम्ही तिघं मिळून एका संस्थेचं सभासद आणि पावत्यांचं सॉफ्टवेअर सांभाळतो. ५.१ आवृत्तीवर सुरुवात केली, मग ५.२, आता ६.० वर आहोत. ओआरएम (डेटाबेसशी बोलणारा भाग), ॲडमिन वगैरेंबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, ते इथे नाही. फ्रेमवर्कने सुरक्षेचं किती काम स्वतःच्या अंगावर घ्यावं, एवढंच या अनुभवात आहे. याआधी फ्लास्क हे पायथनचंच छोटं फ्रेमवर्क वापरायचो. तिथे सीएसआरएफसाठी (लॉगिन केलेल्या माणसाच्या नावाने दुसऱ्या साइटने गुपचूप विनंती पाठवण्याचा हल्ला) एक पॅकेज, म्हणजे बाहेरचा तयार कोड, लॉगिनसाठी दुसरं, हेडरसाठी (ब्राउझरला द्यायच्या सूचना) तिसरं. पॅकेजच्या बाबतीत मी काटकसरी आहे. आज फुकट घेतलेलं पॅकेज पुढच्या प्रत्येक अपग्रेडला वसुली करतं, हे मी अनेकदा भोगलंय. जँगोकडे वळण्याचं खरं कारण हेच होतं.

आणि त्या बाबतीत त्याने शब्द राखला. टेम्प्लेटमधला मजकूर आपोआप एस्केप होणं (त्यात घुसवलेला कोड न चालता नुसता मजकूर म्हणून दिसणं) १.० पासून, म्हणजे २००८ पासून आहे. सीएसआरएफचं मिडलवेअर (प्रत्येक विनंती व्ह्यूकडे जाण्याआधी तपासणारा थर) १.२ पासून सुरूच असतं. फॉर्ममध्ये सीएसआरएफच्या टोकनची खूण टाकणं सोडलं, तर चौदा महिन्यांत या दोन्हींसाठी आम्ही काहीही वेगळं केलं नाही. अशा गोष्टी फ्रेमवर्कने करण्याचा परिणाम किती मोठा असतो, ते ओवॅस्प या वेब-सुरक्षेच्या संस्थेच्या मोठ्या धोक्यांच्या यादीत दिसतं. २०१७ च्या टॉप टेनमधून त्यांनी सीएसआरएफ काढून टाकलं, कारण बहुतेक फ्रेमवर्क त्याचा बंदोबस्त आतच करू लागले होते आणि तपासलेल्या ॲप्लिकेशन्सपैकी साधारण ५ टक्क्यांतच तो दोष उरला होता. हजारो प्रोग्रामरना शिकवून जे साधलं नाही ते मिडलवेअरच्या एका ओळीने साधलं.

सगळ्यात सुखद धक्का पासवर्डचा. ५.२ वर गेल्यानंतर सहज युजर टेबल उघडून पाहिलं. पासवर्डच्या रकान्यात अल्गोरिदमचं नाव, पुढे फेऱ्यांचा आकडा (जितक्या जास्त फेऱ्या, तितका पासवर्ड फोडायला कठीण), मग सॉल्ट (मिसळलेली यादृच्छिक अक्षरं) आणि हॅश (पासवर्डचं उलटं फिरवता न येणारं रूप) असतो. काही ओळींत तो आकडा ८,७०,००० होता, काहींत १०,००,०००. आम्ही तर काहीच बदललं नव्हतं. मग कळलं की नव्या आवृत्तीने फेऱ्या वाढवल्या की सभासद लॉगिन करतो त्याच क्षणी जँगो त्याचा पासवर्ड नव्या आकड्याने पुन्हा हॅश करून ठेवतो. सभासदाला पत्ता लागत नाही, आम्हालाही लागला नव्हता. रोज दोन-तीन ओळींचा आकडा बदलताना मी आठवडाभर मुद्दाम पाहत बसलो होतो. फ्रेमवर्कवर असा जीव जडण्याचे प्रसंग फार येत नाहीत.

आता त्या ओळीकडे येतो. लॉगिन-रिक्वायर्ड मिडलवेअर नावाची सोय ५.१ मध्ये आली. ती लावली की सगळे व्ह्यू बंद होतात आणि जे उघडे हवेत त्यांच्यावर लॉगिन-नॉट-रिक्वायर्ड अशी खूण करायची. मला हवं होतं ते नेमकं हेच, आणि आम्ही सुरुवात केली त्याच आवृत्तीत ते होतं! पण नवं प्रोजेक्ट तयार केलं की सेटिंग्जमध्ये मिडलवेअरच्या सात ओळी येतात आणि त्यात ही नसते. यादीत असती, निदान पुढे कॉमेंटची खूण लावून बंद ठेवलेली असती, तरी आमची नजर पडली असती. रुबी भाषेतलं फ्रेमवर्क रेल्स, त्याच्या ८ व्या आवृत्तीचा लॉगिनचा जनरेटर (कोड लिहून देणारी कमांड) चालवला की सगळे कंट्रोलर (जँगोतल्या व्ह्यूंसारखे) बंद होतात आणि उघडायची पानं नाव घेऊन सांगावी लागतात. म्हणजे हे करता येतं.

जँगोने असं का ठेवलं असावं, याचा विचार केला तेव्हा राग थोडा उतरला. जँगो घडला वर्तमानपत्राच्या कचेरीत, कॅन्ससमधल्या लॉरेन्स जर्नल-वर्ल्डमध्ये, आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. बातम्यांच्या साइटवर वाचकाला दार उघडंच हवं. तिथे हा डीफॉल्ट बरोबर आहे. पण आज जँगोवर पगारपत्रकं चालतात, दवाखान्यांच्या नोंदी चालतात. बातमीचं पान चुकून बंद राहिलं तर तासाभरात कुणीतरी तक्रार करतो आणि ते दुरुस्त होतं. थकबाकीचं पान चुकून उघडं राहिलं तर कुणी सांगेपर्यंत कळतच नाही. या दोन चुकांचं वजन सारखं नाही, आणि डीफॉल्ट ठरवताना हेच पाहायला हवं.

ती ओळ घातली तेव्हा वाटलं, सुटलो. इथपर्यंतचं मी तेव्हाच लिहिलं असतं तर 'ओळ घाला आणि निश्चिंत व्हा' असं लिहून मोकळा झालो असतो. बरं झालं थांबलो. खात्रीसाठी एक टेस्ट लिहिली: लॉगिन न करता प्रत्येक पत्ता उघडायचा, आणि मुद्दाम उघडी ठेवलेली नऊ पानं सोडून कुठेही २०० (पान उघडलं असं सांगणारा सर्व्हरचा आकडा) आला तर टेस्ट नापास. पहिल्याच फेरीत अकरा पत्त्यांनी २०० दिला. सगळे मोबाइल ॲपसाठी लिहिलेल्या एपीआयचे (ॲपने सर्व्हरकडून माहिती मागायची सोय). असे एपीआय लिहायला जँगोसोबत वापरतात त्या रेस्ट फ्रेमवर्क या पॅकेजचे व्ह्यू या मिडलवेअरमधून स्वतःला वगळून घेतात, कारण त्यांची परवानगीची व्यवस्था वेगळी आहे. आणि त्या व्यवस्थेचा डीफॉल्ट आहे 'अलाउ एनी', म्हणजे कुणालाही येऊ द्या. डॉक्युमेंटेशनमध्ये हे लिहिलेलं आहे. पण मुख्य दाराला कुलूप घालणाऱ्याला शेजारचं दार उघडं आहे हे कुलूप घालतानाच कळायला हवं. साइट लोकांपुढे नेण्याआधी चालवायची चेक डिप्लॉय ही कमांड एवढे इशारे देते, तिने हाही द्यावा. (टेम्प्लेटमधल्या 'सेफ' फिल्टरबद्दलही माझं हेच म्हणणं आहे. नवीन मुलाला वाटतं की तो लावला की मजकूर सुरक्षित होतो; खरं तर तो एस्केप होणं बंद करतो. रिॲक्ट या जावास्क्रिप्टच्या लायब्ररीने तशाच सोयीच्या नावात 'डेंजरसली' शब्द घातलाय, ते वाचून हात थबकतो.)

दुसरी तक्रार लॉगिनच्या प्रयत्नांवर मर्यादा नसल्याची. आठव्या महिन्यात एका रात्री खजिनदाराच्या खात्यावर चार हजारांवर चुकीचे पासवर्ड टाकले गेले. कुणी आत शिरलं नाही, पण जँगोने प्रत्येक प्रयत्न शांतपणे तपासला. मर्यादा नाही हे जँगो स्वतःच डॉक्युमेंटेशनमध्ये सांगतो. मग पॅकेज घेतलं, आणि माझी भीती खरी ठरली. त्या पॅकेजने ५.२ ला साथ देईपर्यंत आमचं अपग्रेड सात आठवडे अडलं. चिडून ते काढलं आणि स्वतः चाळीस ओळी लिहिल्या: पाच चुका झाल्या की पंधरा मिनिटं थांबा. तपासून पाहिलं तर वीस चुका चालून जात होत्या.

यावर एक अख्खी दुपार गेली. चुकांची मोजणी ठेवली होती ते जँगोचं डीफॉल्ट कॅश (तात्पुरती साठवण) प्रत्येक प्रोसेसच्या मेमरीत वेगळं असतं. आमचे चार वर्कर (विनंत्या हाताळणाऱ्या प्रोसेस), प्रत्येकाचा स्वतःचा हिशोब, चार पंचे वीस. सामायिक कॅश लावल्यावर पुढचे प्रश्न उभे राहिले. आयपी पत्त्यावर मोजावं तर प्रॉक्सीमागे (सर्व्हरपुढे बसणारा मध्यस्थ) सगळे एकाच पत्त्यावरून आल्यासारखे दिसतात, आणि प्रॉक्सीने पाठवलेल्या हेडरवर आंधळा विश्वास ठेवावा तर तो हेडर कुणीही बनवू शकतो. खात्यावर मोजावं तर कुणीही मुद्दाम चुकीचे पासवर्ड टाकून खजिनदाराला बाहेर ठेवू शकतो. इथे माझं मत बदललं. ही मर्यादा आत नाही याला आळस म्हणणं चूक आहे. सर्व्हरची मांडणी माहीत नसताना दिलेली मर्यादा आमच्या चाळीस ओळींसारखीच खोटा दिलासा देणारी ठरली असती. रेल्स ८ लॉगिनवर तीन मिनिटांत दहा प्रयत्नांची मर्यादा देतं, पण त्याच आवृत्तीत त्यांनी प्रॉडक्शनसाठी डेटाबेसमधलं सामायिक कॅशही डीफॉल्ट केलं. पाया असेल तरच भिंत. जँगोनेही त्याच वाटेने जावं असं मला वाटतं.

एचएसटीएस (ब्राउझरला फक्त सुरक्षित एचटीटीपीएसनेच यायला सांगणारी सूचना) मुळात बंद ठेवलंय ते मात्र अगदी योग्य. ब्राउझरला एकदा 'सबडोमेनसकट वर्षभर एचटीटीपीएसच' असं सांगितलं की ते सहजी मागे घेता येत नाही, आणि एखादं सबडोमेन अजून साध्या एचटीटीपीवर असेल तर ते लोकांसाठी बंदच पडतं. हे जोखमीचं काम फ्रेमवर्कने माझ्या वतीने करू नये. ६.० मध्ये सीएसपी (पानावर कुठून आलेला कोड चालेल याचे नियम) आत आलं, तेही आपण लावल्याशिवाय सुरू होत नाही, आणि तेही मला पटलं.

आणि एक गोष्ट कुठलंच फ्रेमवर्क करू शकणार नाही. लॉगिन केलेल्या सभासदाने पावतीच्या पानाच्या पत्त्यातला ४१२ बदलून ४१३ केला तर त्याला दुसऱ्याची पावती दिसायची. मिडलवेअर त्याला आत सोडणारच, तो रीतसर आत आलाय. ओवॅस्पच्या २०२१ च्या यादीत ॲक्सेस कंट्रोलचे दोष पाचव्यावरून पहिल्या क्रमांकावर गेले ते मला आता नीट समजतं. पावती कुणाची, खजिनदाराला काय दिसावं, कुटुंबप्रमुखाने मुलांच्या पावत्या पाहाव्यात का, हे नियम आमच्या संस्थेचे आहेत. आम्ही आता पावती नुसत्या क्रमांकाने शोधतच नाही, त्या सभासदाच्या पावत्यांमधूनच शोधतो. त्यासाठी सव्वीस व्ह्यू बदलावे लागले, आणि ते काम आमचंच होतं.

नव्या कामालाही जँगोच घेणार आहे, चौदा महिन्यांत त्याने वाचवलेले कष्ट मोजून सांगता येणार नाहीत इतके आहेत. काल ६.० वर दुसरं प्रोजेक्ट सुरू केलं. सेटिंग्ज उघडल्या, मिडलवेअरच्या ओळी मोजल्या. सातच. आठवी मी हाताने टाइप केली, ऑथेंटिकेशनच्या ओळीखाली, आणि मगच पहिला व्ह्यू लिहायला घेतला.