नैराश्य ओसरलं का, हे दाखवणारा स्पेक्ट स्कॅन: घ्यावा का?

मेंदूतला रक्तप्रवाह दाखवणाऱ्या या स्कॅनची रंगीत चित्रं झकास येतात, पण गुण पाचपैकी दोनच. टेक्नेशियम-99एम हा किरणोत्सर्गी पदार्थ जोडलेलं औषध शिरेतून देतात आणि ते पहिल्या दोन-तीन मिनिटांतच मेंदूत अडकतं. म्हणजे दिसतो तो सुई टोचतानाचा रक्तप्रवाह, यंत्राखाली झोपलात तेव्हाचा नाही. म्हणून शिरेत सुई आधीच लावून, मंद उजेडात, गप्प पडून राहू द्यायला हवं. नेमकी इथेच घाई होते. औषध देताना गप्पा, सकाळचा कडक चहा, बदललेली गोळी, यातलं काहीही दोन स्कॅनमध्ये वेगळं असलं की तुलना फसली. रंगपट्टीची मर्यादा जरा सरकवली तरी तोच मेंदू 'सुधारलेला' दिसतो! अहवालासोबत डायकॉम फाइली, म्हणजे स्कॅनच्या मूळ प्रतिमा, मागून घ्याच.

मेंदूत गाठीची शंका असेल तर एमआरआय हवाच, तो मुद्दा वेगळा. नैराश्यात मात्र फरक दिसतो तो गटांच्या सरासरीत. एकेकट्या माणसांचे आकडे पाहिले, तर नैराश्य असलेल्यांचे आणि नसलेल्यांचे एकमेकांत मिसळतात. त्यापेक्षा नैराश्याची तीव्रता मोजणारी पीएचक्यू-9 ही प्रश्नावली दर भेटीला भरा: नऊ प्रश्न, 27 पैकी गुण, 5 च्या खाली आले की लक्षणं बहुतेक ओसरली. नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांचा. तिथे शून्य सोडून काहीही आलं, तर बेरीज कितीही असो, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.