कोअर सँड रिक्लेमेशन जॉबवर्क, शिरोली एमआयडीसी (कोल्हापूर) – चार स्टार

कास्टिंगमध्ये पोकळी ठेवायला वाळूचा जो ठोकळा घालतात तो कोअर, त्याची जळकी वाळू परत वापरायजोगी करून देणारे (म्हणजे रिक्लेमेशन) शिरोलीत आहेत हे बहुतेक फौंड्रीवाल्यांना माहीतय, पण एरवी फारसं पाठवत कोण नाही, का तर म्हणे जुन्या वाळूनं कास्टिंगला ब्लो होल (गॅसची भोकं) येतात. आम्ही पाठवतोय, म्हणून लिहितो.

यांचा प्लांट थर्मल आहे. ढेकळं फोडून, लोखंडाचे बारीक तुकडे मॅग्नेटनं काढून वाळू ६००-७०० डिग्रीला तापवतात, दाण्यावरचं रेझिन (वाळू बांधून ठेवणारा चिकट पदार्थ) जळून जातं, मग गार करून धूळ ओढून घेतात. नुसती मेकॅनिकल घासून देणारे पण आहेत, ते स्वस्त पडतंय पण रेझिन पूर्ण निघत नाही, एलओआय (वाळूत उरलेला जळणारा भाग) जास्त राहतो, त्याचाच गॅस होऊन कास्टिंगला होल पाडतो आणि नाव सगळ्याच रिक्लेम वाळूचं खराब होतं. आम्ही सुरवातीला साध्या कोअरला नवीन वाळूत थोडी थोडी मिसळून वापरली, मग प्रमाण वाढवत नेलं, रिजेक्शन काय वाढलं नाही. दाणा जरा गोल होतोय त्यामुळं रेझिन कमी लागतंय असं आमचा कोअर शॉपचा सुपरवायझर म्हणतो, आणि तो सहजासहजी कशाला चांगलं म्हणणाऱ्यातला नाही.

पण एक ध्यानात ठेवा, मोल्डिंगची ग्रीन सँड (बेंटोनाईट माती आणि पाणी मिसळलेली साच्याची वाळू) इथं चालत नाही. बेंटोनाईट भाजून दाण्यालाच चिकटून बसतं. सीओटूच्या कोअरचंही (सिलिकेट घालून कार्बन डायऑक्साईड गॅसनं घट्ट केलेल्या) तेच, सिलिकेट जळत नाही. मिक्स माल दिसला की गाडी गेटवरनंच परत, आणि त्यात त्यांचं चुकत नाही. कोअर शॉपमधले तुटके कोअर सगळ्यात भारी माल, नॉकआऊटची (कास्टिंग साच्यातनं फोडून काढताना निघालेली) ढेकळं मात्र माणूस लावून वेगळी काढावी लागतात, खरा खर्च तो आहे बघा, यांचं बिल नव्हे. तरी हायवेच्या कडंला नाहीतर ओढ्यात वाळू ओतून यायचं जे चाललंय त्यापेक्षा हे लाख पटीनं बरं.

एक स्टार कापला तो वजनकाट्यासाठी. वजन येताना करतात, पावसात भिजलेली वाळू गेली की पाण्याचं पण बिल, सांगून उपयोग नाही. ताडपत्री टाकूनच पाठवा. रिपोर्ट मागितल्याशिवाय देत नाहीत, प्रत्येक लॉटला एलओआय आणि एएफएस (दाण्याच्या बारीकपणाचा आकडा) मागून घ्या, फ्युरान रेझिन वापरणाऱ्यांनी अॅसिड डिमांड (वाळू किती अॅसिड खाते) पण बघा. निघालेल्या धुळीचं काय करतात ते एकदा विचारा, शेवटी तोही कचराच.

जुलैत घाट बंद पडून कोकणातनं नवीन वाळू यायची थांबली की सगळे इकडंच पळतात आणि माल मिळायला उशीर होतो, त्यामुळं ज्यांना पाठवायचंय त्यांनी मे महिन्यातच बोलून ठेवा.